डंकननंही चौदाव्या वर्षीच सुरुवात केली, पण त्याआधी तो काय करत होता?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मुलगा 14 वर्षांचा, उंची 5 फूट 10 इंच. 7 वर्षं पोहत होता, जिल्ह्यात पदकं आणायचा. मग तलाव दुरुस्तीसाठी म्हणून बंद झाला तो अजून उघडलेला नाही, आणि पोरगं शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानाकडे वळलं. आता 4 महिने झाले, त्याला दुसरं काही सुचत नाही. अशात त्यानं अमेरिकेच्या टिम डंकन या बास्केटबॉलपटूची गोष्ट वाचली. तोही पोहणारा, वादळात तलाव मोडला, चौदाव्या वर्षी बास्केटबॉल धरला आणि पुढे एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची, 5 अजिंक्यपदं. तेव्हापासून 'आई, माझंपण डिट्टो तसंच आहे' हे तुम्हाला रोज ऐकावं लागतंय. तुमचं मुख्य विचारणं एवढं, की उशीर तर झाला नाही ना, आणि पुण्याला अकादमीत ठेवायचं का.

मी सोलापुरात 26 वर्षं पोरापोरींना हा खेळ शिकवतोय. आधी शाळेत क्रीडाशिक्षक होतो, आता सकाळ-संध्याकाळ फक्त मैदान. स्वतः 5 फूट 7 इंच, त्यामुळे उंच पोरांची दुखणी मला शेजाऱ्याला माहीत असतात तशी माहीत आहेत, घरच्यासारखी नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो.

उशीर झालेला नाही. पण एवढं वाचून तुम्ही मोबाइल बाजूला ठेवाल याची मला भीती वाटते, कारण उशीर झालाय असं एकदा डोक्यात बसलं की घरची माणसं घाई करतात, आणि खरी गडबड तिथून सुरू होते. सकाळी प्रॅक्टिस, संध्याकाळी प्रॅक्टिस, रविवारी टुर्नामेंट, महागडे बूट, प्रोटीनचा डबा. राहिलेलं भरून काढायचं म्हणून सगळं एकदम. अशाच घाईत मी माझ्या हातानं एका पोराचा गुडघा घालवलाय. त्यावर पुढे येतोच.

आधी डंकनची गोष्ट नीट बघू. मोबाइलवर या गोष्टीची साल तेवढी पोचते, गर राहून जातो.

हा माणूस सेंट क्रोई बेटावरचा, जन्म 25 एप्रिल 1976. कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. मोठी बहीण ट्रिशा 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहलेली, म्हणजे पहाटे उठून पाण्यात उतरायची शिस्त घरातच होती. टिमचा प्रकार 400 मीटर फ्रीस्टाइल आणि नजर 1992 च्या ऑलिंपिकवर. सप्टेंबर 1989 मध्ये ह्यूगो नावाचं चक्रीवादळ आलं आणि बेटावरचा ऑलिंपिक मापाचा एकुलता एक तलाव उद्ध्वस्त झाला. सराव समुद्रात करायचा ठरला, तर याला शार्कची भीती. पुढच्या एप्रिलमध्ये, चौदावा वाढदिवस एका दिवसावर आलेला असताना, आई कॅन्सरनं गेली. सात महिन्यांत तलाव गेला आणि आई गेली. स्पर्धेचं पोहणं तिथंच थांबलं. बहिणीचा नवरा कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला होता, त्यानं याला हाताशी धरलं.

तुमच्या मुलाला वाटतंय की तलाव बंद पडणं हे दोघांच्यातलं साम्य. ते साम्य फुकटचं आहे. उपयोगाचं साम्य आहे ते तलाव बंद पडायच्या आधीच्या वर्षांत.

पोहणारं पोर मैदानावर आलं की मला पहिल्या आठवड्यातच ओळखू येतं. त्याला दम लागत नाही. खांदे मोकळे असतात, त्यामुळे डोक्यावरून पास द्यायला सांगितला तर हात पूर्ण वर जातो. आणि त्याला मोजायची सवय असते. बाकीच्या पोरांना 50 लेअप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकायचे शॉट, सांगितले की तीस-बत्तीसच्या पुढे आकडा पळायला लागतो, एकदम 47, 48. पोहणारं पोर 50 म्हणजे 50 च मारतं, कारण पाण्यात लॅप खाल्ली तर घड्याळ चुगली करतं. डंकनकडे चौदाव्या वर्षी बास्केटबॉल अजिबात नव्हता, पण हे सगळं होतं. तुमच्या मुलाकडेही आहे. 7 वर्षं वाया गेली असं त्याला कधी म्हणू देऊ नका.

पण याच पोरांची एक गोष्ट धोक्याची असते आणि ती कुणी सांगत नाही. पाणी अंग तोलून धरतं. सात वर्षं पोहून हृदय-फुप्फुसं तयार होतात, पण घोटा, नडगी, गुडघा यांना जमिनीचा मार माहीतच नसतो. इंजिन ट्रकचं आणि टायर सायकलचे, असली गाडी होते ती. पोरगं दोन तास पळतं, थकत नाही, म्हणून कोच खूश, घरचे खूश. सहाव्या-सातव्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. म्हणून मी पोहणाऱ्या पोरांना पहिले तीन महिने उड्या मोजून देतो आणि सगळ्यात आधी उतरायला शिकवतो. स्टँडच्या सगळ्यात खालच्या पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उडी, गुडघे सरळ पुढे, आत वळलेले नकोत. मी पाठ करून उभा राहतो. उतरल्याचा आवाज मला ऐकू आला तर ती उडी धरायची नाही. दहा शांत उड्या झाल्या की घरी. पोरांना हा पोरखेळ वाटतो, पण महिनाभरात कळतं.

आणि हो, तलाव सुरू झाला की आठवड्यातून दोनदा त्याला पाण्यात पाठवा. त्याच्या दृष्टीनं ते जुनं प्रकरण असेल, गुडघ्यांच्या दृष्टीनं सुट्टी आहे.

आता उंचीचं. इथं मी हात वर करतो. डंकन 6 फूट 11 इंचापर्यंत गेला. तुमचा मुलगा कुठं थांबेल हे मला सांगता येत नाही, आणि फोटो बघून छातीठोक सांगणाऱ्या कोचपासून लांब राहा. तुमची, त्याच्या बाबांची, मामांची उंची बघा, अंदाज येईल. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढता येतं हे खरं आहे, पण वाढीबद्दल डॉक्टरांना काही शंका असेल तर ते काढतील. नुसत्या खेळासाठी ते करू नये असं माझं मत. 14 व्या वर्षी 5 फूट 10 असलेली पोरं 6 फूट 4 झालेलीही पाहिलीत आणि 5 फूट 11 वर थांबलेलीही. म्हणून माझ्याकडे कुठलंही उंच पोर आलं तरी पहिली दोन वर्षं मी त्याला बुटक्यासारखंच शिकवतो. दोन्ही हातांनी ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणं, मान वर ठेवून पास, बाहेरून शॉट. उंची वाढली तर सोन्याहून पिवळं, नाही वाढली तरी पोराच्या हातात काहीतरी राहतं. नुसतं रिंगखाली उभं करून 'चेंडू आला की वर टाक' एवढंच शिकवलेली उंच पोरं सतराव्या वर्षी एकदम बेकार होतात, कारण तोवर बाकीचेही उंच झालेले असतात.

नुसत्या उंचीचं सांगायचं तर आपलाच सतनाम सिंग घ्या. पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लोके गावचा, 7 फूट 2 इंच, मेहनतीला कमी नाही, चौदाव्या-पंधराव्या वर्षीच अमेरिकेतल्या अकादमीत गेला. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्स या एनबीएच्या संघानं नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला 52 व्या क्रमांकावर निवडलं, एनबीएच्या निवडीत आलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. आम्ही मैदानावर पेढे वाटले होते. तरीही एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, पुढे तो कुस्तीच्या शोकडे वळला. त्याला कमी लेखायचं म्हणून सांगत नाही, तो जिथवर गेला तिथवर आपलं कुणी गेलेलं नाही. पण त्या दारातून आत जाणं किती अवघड आहे हे घरात एकदा मोकळेपणानं बोलायला हवं.

डंकनच्या गोष्टीत तुमच्या मुलानं बहुतेक पटकन वाचून सोडून दिलेला भाग आहे तो कॉलेजचा. 1993 मध्ये तो उत्तर कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात गेला. पहिल्या सामन्यात त्याचे गुण किती? शून्य. तेही अलास्काच्या एका खालच्या श्रेणीतल्या संघाविरुद्ध. दोन-तीन वर्षांत तो एवढा तयार झाला की कॉलेज सोडून आला असता तर एनबीएचे संघ त्याला उचलायला टपून बसले होते. पैसा समोर दिसत होता. हा गेला नाही. पदवी पूर्ण करीन असा शब्द आईला दिलेला होता. चार वर्षं काढली, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि मग 1997 मध्ये एनबीएच्या निवडीत सॅन अँटोनियो स्पर्स या संघानं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. तेव्हा वय 21. चौदाव्या वर्षी उशिरा आलेल्या या पोरानं पुढची सात वर्षं अजिबात घाई केली नाही.

आणि त्या सात वर्षांत तो काय शिकला, तर जुन्या, कंटाळवाण्या गोष्टी. एनबीएतलाच खेळाडू शकील ओ'नील, त्यानं याला 'बिग फंडामेंटल' नाव ठेवलं होतं. फंडामेंटल म्हणजे आपल्याकडे कोच ज्याला 'बेसिक' म्हणतात आणि पोरं जांभई देतात ते. त्याचा ठरलेला शॉट होता बोर्डला लावून. रिंगच्या डाव्या बाजूला, साधारण बारा-पंधरा फुटांवर चेंडू घ्यायचा, तोंड रिंगकडे करायचं, एक पाय पुढे टाकून समोरच्याला हलवून बघायचं, आणि चेंडू सरळ रिंगात न टाकता बोर्डवर ठेवल्यासारखा लावायचा. 19 वर्षं समोरच्या सगळ्यांना माहीत होतं की हा आता हेच करणार.

माझ्याकडे हा शॉट शिकवायला घेतला की कुणीतरी म्हणतंच, "सर, बोर्डला लावून मारायचं म्हंजे बारक्या पोरांचं काम हाय." त्यांना सरळ जाळीत 'स्विश' आवाज हवा असतो. मग मी बोलत नाही, बादली आणतो. आपली मैदानं उघडी, सिमेंटची, कडेला धूळ. चेंडू दहा मिनिटांत मातकट होतो आणि बोर्डला लागला की गोल ठसा उमटतो. काठीला ओलं फडकं बांधून बोर्ड पुसून घ्यायचा. मग पोरानं बाजूनं, रिंगशी साधारण 45 अंशांच्या कोनात उभं राहून 20 शॉट मारायचे. नेम बोर्डवरच्या छोट्या चौकटीच्या वरच्या, आपल्या बाजूच्या कोपऱ्यावर. ती चौकट 59 सेंटिमीटर रुंद आणि 45 उंच असते, म्हणजे नेम धरायला भरपूर जागा. वीस झाले की सगळ्यांनी वर बघायचं. किती रिंगात गेले ते मी विचारतच नाही, ठसे बघतो. पहिल्या दिवशी ठशांचा पसारा परातीएवढा असतो, काही तर चौकटीच्या बाहेर बोर्डच्या टोकाला. महिन्यानं तो भाकरीएवढा होतो. ज्या पोराचा पुरीएवढा झाला त्याला मी पुढच्या जागेवरून मारायला देतो. तीन वर्षांपूर्वी एका पोरीचे सतरा ठसे एकावर एक पडून एकच काळपट डाग दिसत होता. तिनं तो बोर्ड दोन दिवस कुणाला पुसू दिला नाही.

यात युक्ती काय आहे ती सांगतो, कारण घरीही तुम्हाला त्याच्याशी बोलता येईल. बाजूनं बोर्डवर मारताना नेम धरायला डोळ्यासमोर ठरलेला बिंदू मिळतो. सरळ रिंगवर मारताना असा बिंदू नसतो, नुसता गोल दिसतो. दुसरं म्हणजे, हात दमला की शॉट आखूड पडतो हे सगळ्यांचं होतं, आणि बोर्डला लागलेल्या चेंडूत थोडं कमी-जास्त झालं तरी खपून जातं. समोरून मात्र याचा फायदा उरत नाही, तिथं सरळच मारावं. एवढा साधा हिशेब आहे. त्यात हिरोगिरी नाही, म्हणून पोरं करत नाहीत.

डंकनचं सगळंच घेण्यासारखं होतं असंही नाही. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, त्याचे आयुष्यभर बेताचेच, कारकिर्दीची सरासरी 69.6 टक्के. समोर कुणी नाही, वेळ आहे, तरी दहातले तीन बाहेर. माझ्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो, की देवाचीही एखादी मूर्ती तुटकी असते, तुम्ही तेवढी घरी नेऊ नका. रोजची प्रॅक्टिस संपताना, पाय जड झालेले असताना, 10 फ्री थ्रो. 7 पडले नाहीत तर मैदानाला एक फेरी.

आता गुडघ्याचं, ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसलो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. चौदावं वर्ष, 6 फूट 1 इंच. वडील पॉवरलूमवर. असलं पोर हाती लागलं की कोचचं डोकं फिरतं, माझंही फिरलं. मी त्याला 17 वर्षांखालच्या आणि 19 वर्षांखालच्या, दोन्ही संघांत खेळवलं. शिवाय रविवारी क्लबच्या टुर्नामेंट. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतंय म्हणायचा. तिथं टेंगळासारखा उंचवटा आलेला स्पष्ट दिसत होता. मी काय म्हणालो? "वाढतं वय आहे, दुखणारच." स्प्रे मारायचा आणि आत पाठवायचा. विभागीय सामन्यात रिबाउंडला, म्हणजे चुकून परत आलेला चेंडू धरायला, उडाला, आणि वर जातानाच ओरडला. खाली आला तो बसलाच. मांडीचा स्नायू जिथं नडगीला जोडलेला असतो तिथला हाडाचा तुकडाच उचकटला होता. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले. चालायला लागला, धावायलाही लागला, पण खेळात परत आला नाही. आता टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत भेटला की वाकून नमस्कार करतो. मी दुसरीकडे बघतो.

वाढत्या वयात गुडघ्याखालचं हे दुखणं उड्या मारणाऱ्या पोरांत अगदी नेहमीचं आहे, आणि बहुतेकांचं वाढ थांबली की आपोआप थांबतं. त्यामुळे घाबरून खेळ बंद करायची गरज नसते. पण ते दुखणं म्हणजे शरीरानं पाठवलेली चिठ्ठी असते, ती वाचायला हवी. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात, मधे ताण पडतो. त्या प्रसंगानंतर मी जे करतो ते तुम्हीही घरी करू शकता. दर महिन्याच्या 1 तारखेला, सकाळी, दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलनं उंचीची खूण करा. महिन्यात 1 सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढला तर त्या महिन्यात उड्या निम्म्या, ड्रिबल आणि शॉट पाहिजे तेवढे. खेळताना दुखतं पण खेळ थांबला की दुखणंही थांबतं, तर कमी करा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखतंय, तर आठवडाभर बंद. सूज आली, लंगडतोय किंवा रात्री झोपेतून उठतोय, तर मला नाही, हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, त्याच दिवशी. सगळे खेळ मिळून आठवड्याचे तास त्याच्या वयाच्या आकड्याच्या पुढे जायला नकोत, म्हणजे आत्ता 14. आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, त्या दिवशी चेंडू कपाटात.

डंकनकडेच बघा की. 2000 मध्ये डाव्या गुडघ्याची गादी फाटली, तर प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांना, संघानं त्याला बसवलं, गतविजेते असूनही. संघ बाहेर पडला. पण पुढे 16 वर्षं तो माणूस त्याच गुडघ्यावर खेळला. वय वाढलं तसं वजन उतरवलं, पट्टा बांधला, मिनिटं कमी केली. मार्च 2012 मध्ये कोच ग्रेग पोपोविचनं एका सामन्यात त्याला विश्रांती दिली, तेव्हा अधिकृत गुणपत्रकात न खेळण्याचं कारण म्हणून 'म्हातारा' असं छापून आलं होतं! त्या म्हाताऱ्यानं त्यानंतर दोन वर्षांनी पाचवं अजिंक्यपद घेतलं. आपल्याकडे शाळेच्या सामन्यात दुखऱ्या पोराला बसवलं तर ट्रस्टीपासून पालकांपर्यंत सगळे कोचच्या अंगावर येतात. तुम्ही तेवढ्या येऊ नका.

स्वभावाबद्दल तुम्ही लिहिलंय की हरला की दोन दिवस जेवत नाही. असू दे, जेवेल. 2013 च्या अंतिम फेरीचा सातवा सामना त्याला एकदा दाखवा. शेवटचं मिनिट, स्पर्स 2 गुणांनी मागे, डंकन रिंगच्या अगदी जवळ, अंगावर त्याच्यापेक्षा बुटका खेळाडू. आयुष्यात हजारदा घातलेला शॉट. चुकला. परत आलेला चेंडू हातानं ढकलला, तोही चुकला. मागे पळत जाऊन त्यानं दोन्ही पंजे जमिनीवर आपटले. सामना गेला, अजिंक्यपद समोरच्या मायामीच्या संघाकडे गेलं. पुढच्या वर्षी तेच दोन संघ अंतिम फेरीत, आणि स्पर्सनं 4-1 नं मालिका घेतली. तेव्हा डंकन 38 वर्षांचा होता.

निवृत्तीही अशीच. 2016 मध्ये त्याच्याच काळातल्या कोबी ब्रायंट या खेळाडूचा निरोपाचा दौरा गावोगावी गाजला, शेवटच्या सामन्यात त्यानं 60 गुण केले. डंकनचं निवृत्तीचं पत्रक संघानं जुलैत काढलं आणि विषय संपला. 19 वर्षं, एकच संघ, आणि संघाचं प्लेऑफ एकाही वर्षी चुकलेलं नाही. पैशाच्या बाबतीत मात्र तोही फसला. आर्थिक सल्लागारानं कोट्यवधींना बुडवलं, 2017 मध्ये त्या सल्लागाराला 4 वर्षांची कैद झाली. पदवी असलेला, शांत डोक्याचा माणूस, तरीही. पुढे एक हंगाम त्यानं स्पर्समध्येच सहायक कोच म्हणून काम केलं. सॅन अँटोनियोत मोटारी सजवायचं दुकानही त्यानं काढलं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण बाबा नक्की विचारतील, की यात पोट भरतं का. अमेरिकेसारखं, फक्त खेळून, आपल्याकडे फार थोड्यांचं. व्यावसायिक लीग मधे सुरू झाली, काही हंगाम चालली, बंद पडली. आपल्याकडे बास्केटबॉलचा खरा आधार नोकरीचा आहे. भारतीय रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांचे संघ आहेत, खेळाडू म्हणून भरती होते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला ठरावीक पातळीवरची कामगिरी आणि तिची पडताळणी लागते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र आजपासून एका फाइलीत ठेवा, लॅमिनेशन करू नका, आणि नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना ते तिथल्या तिथे बघा. एका अक्षरावरून अडकलेली पोरं मी पाहिलीत. आणि नोकरीच्या अर्जात शिक्षणाची अट असतेच, म्हणजे डंकनच्या आईनं घेतलेला शब्द तुम्हीही घेऊन टाका.

आता पुण्याचं. माझं मत, दहावी होईपर्यंत नको. यात परिस्थितीचा भाग आहे, तो मान्य करतो. तुमच्या शाळेत मैदान असून शिकवणारं कुणीच नसेल, किंवा पुण्यात सख्खी मावशी, काका असं घर असेल, तर गणित बदलतं. पण वसतिगृहात राहायचं, अनोळखी शाळा, आणि अकादमीत याच्या वयाची पोरं सहा-सहा वर्षं खेळलेली. तिथं नवख्या उंच पोराला पहिल्या दिवसापासून रिंगखाली उभं करतात, कारण संघाला तात्पुरती तीच गरज असते. त्याला ड्रिबल कुणी शिकवत नाही. माझी दोन पोरं अशी गेली आणि दीड वर्षात परत आली, खेळ जिथं होता तिथंच. त्यापेक्षा इथं त्याला रोज चेंडू हातात मिळेल, चुका करायला मिळतील. यंदा जिल्हा, जमलं तर पुणे विभाग खेळू दे. उन्हाळ्याच्या सुट्टीत 15-20 दिवसांचं शिबिर असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसनं पाठवा, बघून येईल. अकरावीला तो स्वतःहून म्हणाला, आणि तेव्हा त्याचा डावा हात उजव्याइतका चालत असेल, तर मीच चिठ्ठी देईन.

प्रोटीनच्या डब्याचं विचारलंत. नको. ज्वारीची भाकरी, डाळ, दोन अंडी चालत असतील तर अंडी, शेंगाची चटणी, दूध. या वयात पोरगं फक्त कमी खात नाही ना आणि झोप नऊ तास होतेय ना, एवढं बघा. बुटांवर मात्र खर्च करा, पण ब्रँडवर नाही. टाच घट्ट बसली पाहिजे, पुढे अंगठ्याला बोटभर जागा हवी आणि तळ सिमेंटवर चालेल असा जाड. या वयात पाय चार-पाच महिन्यांत मोठा होतो, त्यामुळे एकदम दहा हजारांचा जोड घेतलात तर पायाला लहान होईल, झिजणार नाही.

तुम्ही सोलापुरातच आहात म्हणून सांगतो, एप्रिल लागला की सकाळी साडेआठनंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी त्याला मैदानावर पाठवू नका, बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये सिमेंट तापतं ते रात्रीपर्यंत निवत नाही. आम्ही पावणेसहाला सुरू करतो. पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत या. बूट असतील ते चालतील. पाण्याची बाटली मोठी आणा, आमच्या मैदानाचा नळ गावाच्या नळासारखाच आहे, येईल त्या दिवशी येतो. आणि एक जुनं फडकं, बोर्ड त्यालाच पुसायला लावणार आहे.